दुवा

सरख्सहून निघाला तेव्हा खिदाशकडे
एक गाढव होतं, वाळल्या तुतींच्या दोन थैल्या
आणि एक वाक्य.
गाढव हमदानच्या घाटात मेलं.
तुती संपल्या.
वाक्य तेवढं तोंडात राहिलं
खडीसाखरेसारखं, न चावता.

काय होतं वाक्य, ते मी सांगणार नाही.
ते पैगंबरांचं, की कुणा भल्या माणसाचं
हाच तर सगळा प्रश्न होता.

त्याला सांगितलं होतं बापानं,
कातडी कमावणाऱ्या बिस्तामनं.
बिस्तामला वासितच्या रझीननं,
रझीनला त्याच्या गुरूनं, गुरूला आणखी कुणी,
असं मागं मागं, एकमेकांचा हात धरून
अंधारात जिना उतरावा तसं
थेट मदिनेच्या त्या अंगणापर्यंत.
पण जिभेला हाड नसतं,
आणि कानाला दार.

वासितला नदीकाठी बोरू तासणारे बसले होते.
त्यांना तो रझीनबद्दल विचारू लागला.
उधारी वेळेवर फेडायचा?
चिडल्यावर काय बोलायचा?
तीच गोष्ट दोनदा सांगताना
दोन्ही वेळा तीच सांगायचा का?
एक बोरूवाला हसला,
"मुलगी द्यायचीय काय त्याच्या घरात?"
खिदाश हसला नाही.

रझीनला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती.
मुलगी होती, जुमाना. सूत कातायची.
पडद्याआडून चातीची घरघर,
मग तीही थांबली.
"आधी तुझं सांग.
कुणाकडून ऐकलंस? किती वर्षांचा होतास?
लिहून घेतलंस, की नुसतं मनात?"
पारखायला आलेला तो
उंबऱ्यापाशी घामाघूम झाला.

तिनं बापाची वही काढली.
कोपरे उंदरांनी खाल्लेले, शाई तपकिरी पडलेली.
वाक्य होतं.
जसंच्या तसं होतं, एक काना इकडचा तिकडे नाही.
वर मात्र लिहिलं होतं:
"आमचे गुरू म्हणत."
त्याच्या मागं कुणीच नाही.

"बिस्ताम आठवतो मला," ती म्हणाली,
"खजूर उतरवायचे दिवस होते, मी पाणी वाटत होते.
अब्बा एकामागून एक सांगत होते, साखळीसकट,
मध्येच थांबून गुरूंचं हे एक बोलले.
तुझा बाप दाराशी. अंगात ताप.
डोळे मिटलेले. मान हलवत होता."

खिदाशनं तिच्याही शब्दावर विश्वास टाकला नाही.
दोन दिवस फिरून
त्या बैठकीतला एक आंधळा वहीबांध्या शोधला.
जुमानाचं नावही न काढता विचारलं.
तो म्हणाला तेच.
तापासकट.

सराईत त्या रात्री तेल कमी होतं.
आईच्या तिरडीपाशी बापानं हेच वाक्य म्हटलं होतं,
त्याच्या हातांना कातड्याचा, डाळिंबसालीचा वास होता.
खिदाशनं बोरू बुडवला, झटकला,
पुन्हा बुडवला.
"बिस्ताम, सरख्सचा. खोटं कधी बोलला नाही.
या एका ठिकाणी ऐकण्यात चुकला. त्याचं हे घेऊ नये."
थोडं थांबून खाली, लहान अक्षरात:
"हा माझा बाप."
कारण पुढं वाचणाऱ्याला कळायला हवं
की हे लिहिणारा कोण.

परतीच्या वाटेवर, हुलवानच्या विहिरीपाशी,
एक बाई तापलेलं पोर मांडीवर घेऊन बसली होती.
खिदाश पाणी शेंदून पुढं निघाला,
दहा पावलं गेला,
परत आला.
ते वाक्य तिला म्हणून दाखवलं.
तिनं डोळे पुसले.
"कुणी सांगितलं हे?"

सवयीनं ओठ साखळी जुळवू लागले.
त्यानं ते आवरले.
"माझ्या बापानं," म्हणाला,
आणि तिथंच थांबला.

त्या बाईनं
बिस्तामला दुवा दिला.