रकाना अकरा

शेवंताबाई लोंढे, लक्ष्मीनगर, येरवडा.
तंबाखू?
"नाही बाई. कधीच नाही."
तव्यावर मिश्री भाजत होती,
मला ठसका लागला.
मग ही?
"ही होय? ही दातासाठी."
दात चार आहेत. मी मोजले,
रकाना नसताना.

दारू: नवरा होता तोवर.
झोप लागते का?
"कुणाची?"

घरात कुणाला मानसिक आजार?
ती काळी पूड फडक्यातून गाळत राहिली.
शेजारीण दारातून म्हणाली,
हिचा सुदाम भिंतीपलीकडं आहे की,
आठ महिने झाले.

भिंत म्हणजे तीच.
कुणी जरा वेगळं वागलं की अख्खं पुणं म्हणतं ना,
येरवड्यात जागा आहे का बघा,
ती.
हिच्या गोधड्या तिच्यावरच वाळतात.

"गुरवारी जाते भेटायला.
ओळखतो. पण आधी माझी मूठ उघडून बघतो,
चिमूटभर आणली का म्हणून.
डबी तर वॉचमन काढून घेतो.
मग मी फाटकाबाहेरच
भरपूर लावून घेते.
तो जवळ येतो, तोंडाचा वास घेतो,
तान्हा होता तेव्हा घ्यायचा तसा.
अन् गप बसतो घटकाभर."

रकाना अकरा. हो किंवा नाही.
मी पेनाला टोपण लावलं.

बोळात उन्हाला पाठ करून
पर्समधली डबी काढली, माझी,
हिरडीवरून बोट फिरवलं,
पदरानं ओठ पुसले
आणि पुढच्या दाराची कडी वाजवली.