अपील

दुसऱ्या बेसच्या कोपऱ्याला
श्रीलता चिप्पाचा बूट लागलाच नाही.
चार बोटं अंतर. मी वाकूनच होतो.

ती होमला पोचली. पोरी तिच्यावर कोसळल्या,
साखर पेठेतली अख्खी गल्ली ओरडत होती,
अर्धी तेलुगूत.

मी गप्प.
दिवसपाळीला मी टॉवेल तपासतो.
एक आडवा धागा सुटला की खडूची फुली,
माल बाजूला. कुणी विचारायची वाट बघत नाही.
इथं मात्र समोरच्या संघानं विचारल्याशिवाय
अंपायरनं पाहिलेलं
पाहिलेलं नसतं.

शॉर्टस्टॉपला मडूरची धाकटी.
बेसकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.
ओठ हलले. टोपी सारखी केली.
विचार गं.
तेवढ्यात पिचरनं हात फिरवला,
पुढचा चेंडू सुटला,
आणि संपलं ते. रन कायम.

ऊन उतरल्यावर बेस गोळा करत होतो.
श्रीलता परत आली, बाटली विसरली म्हणे.
बाटली तिच्या काखेतच होती.
जाता जाता दुसऱ्या बेसवर तिनं
पाय ठेवला. अख्खा तळवा, टाचेसकट.

"सर, गेट लावताय का?"
म्हटलं, नाही, सावकाश ये.