बोट

पिसुर्ल्याच्या वाचनालयात पुस्तकं लाल होतात.
आधी कडा, मग शिवण, मग आतली पानं.
खाणीची धूळ. बंद खाणीचीही उडते.
मी रोज फडकं मारते, रोज बादलीतलं
विटकरी पाणी जास्वंदीच्या बुंध्याशी ओतते.

तन्वेश गावस दुसरीत असताना पहिल्यांदा आला,
चपला दारात, आणि एक डोळा चपलांवर.
पुस्तक मांडीवर नाही, जमिनीवर ठेवायचा
आणि अक्षराखाली बोट.
बोट सरकलं की ओठ हलायचे,
ओठ हलले की मान.
त्याची एक ओळ संपेपर्यंत
माझ्या तीन वर्तमानपत्रांच्या घड्या व्हायच्या.

कुणी म्हणालं, मुलगा मंद आहे.
मी म्हटलं, भरलेला ट्रक चढावर पहिल्या गिअरमध्येच असतो.
हे त्याच्या बापाला पटलं. पुरसो ट्रकच चालवायचा,
खाण चालू होती तोवर, आमोण्याच्या जेटीपर्यंत.

एकदा चित्र निघालं फुलपाखराचं.
त्याने वाचलं, फु-ल-पा-ख-रू,
आणि माझ्याकडे पाहिलं, फसवल्यासारखं.
"बाई, हें पिसोळें न्हय?"
हो, मी म्हटलं, दोन्ही.
तो बराच वेळ गप्प.
बाहेर घाणेरीवर खरंच एक बसलं होतं,
ना हे ना ते,
नुसतं पंख मिटत, उघडत.
त्या दिवशी पुढचं पान उलटलंच नाही.

मग तिसरीच्या जूनमध्ये ती ओळ आली:
नदीतून बोट चालली.
बोट थांबलं.
त्याने आधी शब्दाकडे पाहिलं,
मग शब्दाखालच्या बोटाकडे,
मग ते उचलून उजेडात धरलं,
आणि हसला, एकटाच, मोठ्याने,
'शांतता पाळा'च्या बरोबर खाली.
मी पाटीकडे पाठ केली.
मांडवीतून खनिज नेणारी बार्ज
त्याने बापाच्या केबिनमधून पाहिली होती.
ती आता त्याच्या तर्जनीवरून चालली होती.

ते बोट पानावरून कधी गळून पडलं,
तारीख मला सांगता येणार नाही.
दुधाचा दात पडतो तसं. ओठही थांबले.
उरले डोळे, आणि मग तेही
मधूनच पुस्तक सोडून खिडकीबाहेर जायचे.
नवी शिक्षिका म्हणाली, लक्ष नाही याचं.
मला वाटतं, वाचन तेव्हा तिथेच चाललेलं असायचं,
जिथे छापलेलं काहीच नाही.

प्रश्न यायला लागले. घरी 'कित्याक', इथे 'का'.
शेतात पाणी लाल का उतरतं.
लोखंड जमिनीत कुणी ठेवलं,
आणि ठेवलेलं किती दिवस पुरतं.
काहींची उत्तरं वरच्या फळीवर होती,
स्टुलावर चढून काढली.
काहींची आमच्याकडे नाहीत.

परवा पुरसो आला त्याला घेऊन,
नोटीस हातात, चार घड्या घातलेली.
खाण पुन्हा सुरू करायची. जनसुनावणी. अमुक तारीख.
"ह्याला वाचू दे," म्हणाला, "माझं वाचन नंबरप्लेटीपुरतं."
मुलगा आता सहावीत. भराभर गेला,
तालुका, सर्व्हे नंबर, हेक्टर,
आणि एका शब्दापाशी अडला.
अपरिवर्तनीय.
बोट पुन्हा कागदावर टेकलं, इतक्या वर्षांनी.
"फुडें वच," पुरसो म्हणाला. "तारीख पळय."
"राव," तो म्हणाला. थांब.
बोट हललं नाही.

तेव्हा ते काठी होतं, चाचपडत चालायची.
आता खुंटी.

मी शब्दकोश काढायला उठले.
परतले तेव्हा दोघंही वाकले होते त्या एका शब्दावर.
मुलाच्या बोटाशेजारी बापाचं बोट,
जाड, स्टिअरिंगने घट्टे पडलेलं,
आणि ओठ हलत होते त्याचे,
अ, प, रि.