काठावरची खाच

हलशीहून दुपारच्या बसनं आली यल्लुबाई घाडी.
रताळ्यांचा वरंबा उकरताना गावलं, म्हणाली,
आणि पदराच्या गाठीतून
शहापुरातल्या माझ्या काचेवर
एक राज्य ठेवलं.

राज्य नखाएवढं.
जरा खोलगट, पेल्याच्या बुडासारखं,
अजून मातीची एक रेघ धरून.

भिंग लावलं.
मधे सिंह. शेपटी पाठीवर वळलेली,
एक पंजा वर,
जणू कुणी आत्ताच ‘थांब’ म्हटलंय.
भोवती ठसे, एकावर एक, घाईत मारलेले;
दोन अक्षरं अर्धी सोन्यावर,
अर्धी हवेत.
जुनी कानडी. मला आजची येते,
रेशनकार्डापुरती, बसच्या पाटीपुरती.
ही तिची खापरपणजी.

‘काय लिवलंय?’
‘राजाचं नाव असंल.’
‘कुठल्या?’
मी गप्प.
ज्यानं आपलं नाव सोन्यात ठोकून घेतलं
त्याचा पत्ता विचारत होती ती बाई,
जिच्या गोठ्याच्या उंबऱ्याला
बहुतेक त्याच्याच राजधानीचा चिरा आहे.

तराजूत घातलं: चार मासे, तीन गुंजा.
बाबांचा तराजू. शेजारी मशीन आहे,
पण राजाला ग्रॅम कळले नसते.

एवढ्याशा चकतीनं किती माना लवल्या असतील.
घाटाखालून मीठ घेऊन आलेला बैलवाला,
जकातीपाशी तासभर उभा.
समुद्रापारचा घोडेविक्या,
ज्याला इथली भाषा येत नव्हती,
सिंह येत होता.
राजा स्वतः कुठं पुरणार एवढ्या हातांना?
तो गादीवर बसून पडशानं हैराण,
आणि पंजा मात्र त्याचा
खानापूरच्या रानापासून गोव्याच्या धक्क्यापर्यंत
मुठीमुठीत.

‘आटवा,’ यल्लुबाई म्हणाली.
‘तुळशीचं लगीन झालं की थोरलीचं हाय. कुड्या पायजेत.’
मी म्हटलं, तहसीलदारांना कळवावं लागतं.
अर्ज कानडीत.
ती हसली. ‘जमिनीत गावलं तर सरकारचं,
जमिनीत गेलं त्ये आमचं, व्हय?’

मी नुसती कड फिरवत राहिलो.
हाताची सवय. कस लावायला जागा शोधतो हात.
आणि तिथं ती आधीच होती:
एक खाच. तिरकी, तांदळाच्या कणीएवढी,
सरावाच्या हातानं घातलेली.
आतूनही पिवळं, तसंच्या तसं.

म्हणजे तेव्हाच,
राजा जिवंत असताना,
सिंहाच्या पंजाखालच्या कुठल्याशा पेठेत,
कुणीतरी हे नाणं उजेडाकडं धरून म्हणालं होतं:
खरं आहे महाराज,
तरी बघतो जरा.

नाव नाही त्याचं कुठल्या ताम्रपटावर.
बोटं काळी असणार, माझ्यासारखीच.
मुजरा करून झाल्यावर
कानशीनं प्रश्न विचारणारा माणूस.
हजार वर्षांत मला आलेलं
हे पहिलंच पत्र.

‘काय बघूलाय एवढं?’ यल्लुबाई म्हणाली. ‘कस लावा की.’
‘लावलाय.’
‘कधी?’

मी कसोटीचा दगड परत फडक्यात गुंडाळला.
पाचच्या बसला अजून वेळ होता.
दोन चहा सांगितले.
सिंह काचेवर, पंजा उचलून,
आमचं काय ठरतंय ते ऐकत.