जपानला सोडा

महापालिकेच्या जपानी बागेत
एक लाल कमान आहे, सिमेंटची.
शेजारी पाटी : उद्घाटकाचं नाव,
आणि गवतावर बसू नये.
कमानीतून पाहिलं की बरोबर मधोमध दिसते
मिठागराची देवी, शेंदूर लावलेला दगड.
ती आधीपासून होती.
नकाशात नव्हती, एवढंच.

केतकी नाराला शिकते. तिच्या खोलीमागं
बाराशे वर्षांचं देऊळ आणि त्याची बाग.
पंधरवड्याला एक फोटो येतो,
खाली एकच ओळ : तुझ्याकडे काय?
म्हणून मी येते. गुडघा कुरकुरतो, तरी
बेलापूरच्या नाक्यावर रिक्षावाल्याला सांगते,
जपानला सोडा.
त्याला कळतं.

कार्तिकात तिनं मेपल धाडला, पेटलेला.
माझ्याकडे नुसतं ऊन होतं
आणि कमानीच्या सावलीत चार पिल्लांची कुत्री.
तेच धाडलं. लिहिलं,
आमच्या बदामाला लाल व्हायला पौष लागतो,
दम धर.

चाहूदादा रोज सकाळी खडी विंचरतो.
कंत्राटदारानं शिकवली होती गोल गोल वळणं, लाटांसारखी.
हा सरळ रेघा ओढतो,
या बांधापासून त्या बांधापर्यंत,
बांध आता नसले तरी.
हातात बापाची मीठ ओढायची लाकडी फळी,
तिला यानं खिळ्यांचे दात बसवलेत.
जिथं कमळाचं तळं आहे
तिथं याची कोंडी होती.

पौषात बदाम लाल झाला, पान पान करत.
त्याच आठवड्यात तिच्याकडे बर्फ :
दगडी दिवे, पायऱ्या, एका हरणाची पाठ,
सगळं पांढरं.
मी मोबाइल चाहूदादापुढे धरला.
त्यानं तो हातभर लांब नेऊन पाहिला.
"एवरा मीठ!" म्हणाला. "आन कुनी भरत नाय?"

मी हसत हसत केतकीला कळवलं.
दोन दिवस उत्तर नाही.
मग आलं : पुजारीबुवांना विचारलं, आई.
म्हणाले, आम्ही काही करत नाही,
ते आपोआप जातं.

चाहूदादानं फळी उलटी करून
खिळ्यांत अडकलेलं पान काढलं.
"आमचा पन तसाच गेला," म्हणाला.

चैत्रात तिच्याकडे फुलं. सात दिवस टिकतात म्हणे.
माझ्याकडे जत्रा. गावानं कमानीला पितळी घंटा बांधली,
देवीपुढे मूठमूठ मीठ ठेवलं,
खडीवर पोरं नाचली.
सोमवारी महापालिकेनं घंटा काढली.
गुरुवारी ती परत होती.
हे मात्र मी तिला फोटोशिवाय, बोलून सांगितलं.

श्रावणात कमानीवर शेवाळ चढलं.
तिथं म्हणे शेवाळातलं गवत
माणसं चिमट्यानं वेचतात, गुडघे टेकून.
इथं ब्लीचिंग पावडर आली, दोन गोणी.
चाहूदादा नव्हता.
कंत्राट संपलं, चौकीवरचा मुलगा म्हणाला,
आणि पुन्हा मोबाइलमध्ये गेला.

फळी देवीच्या मागं उभी होती.
खडीभर चपलांचे ठसे, एक वेफर्सचं पाकीट.
मी पिशवी बाकावर ठेवली.
वाटलं त्याहून जड निघाली ती.
एक रेघ ओढली. गुडघ्यामुळे
मध्येच वाकली, थांबली, पुन्हा निघाली,
दगडाच्या अलीकडे हातभर संपली.

पिल्लांपैकी एक, आता दांडगं झालेलं,
तिच्यावरून सावकाश चालत गेलं.