अजून नाही

विनिपेग, मार्चचा दुसरा मंगळवार.
चर्चच्या तळघरात हीटरची नळी खोकते
आणि मिसेस फ्रीझन आमच्या निळ्या फायली
पत्ते पिसल्यासारख्या वाटतात.
अर्धं सत्र संपलं.
सोळा कामं, सोळा कागद,
प्रत्येकाच्या डोक्यावर एक चौकोन:
'जमलं' किंवा 'अजून नाही'.

नापास असं इथे कुणी म्हणत नाही.
ओस्तापला तेच खटकतं.
खारकीवला एकतीस वर्षं ट्राम चालवली त्यानं.
म्हणतो, सिग्नल लाल असतो नाहीतर हिरवा,
हा 'नॉट येट' कुठला रंग?

मी माझी पानं उलटते.
दवाखान्यात फोन करून वेळ घेणे: जमलं.
तेव्हा फोनवर पलीकडे मिसेस फ्रीझनच होत्या,
शेजारच्या खोलीत, आवाज बदलून,
आणि त्यांना हसू आवरत नव्हतं.
बसचं वेळापत्रक वाचणे: जमलं.
न जमून सांगते कुणाला,
पहाटे पावणेपाचला हॉस्पिटलच्या लाँड्रीत
चादरी माझी वाट बघत असतात.
हवामानाचा अंदाज ऐकणे: अजून नाही.
थर्टीन आणि थर्टी माझ्या कानाला जुळ्या बहिणी.
उणे तेराचे कपडे घालून
उणे तीसमध्ये उभी राहिले थांब्यावर.
ती परीक्षा माझ्या बोटांनी दिली.

मग काम अकरावं. घरमालकाला चिठ्ठी.
फळ्यावर नमुना होता: मालक खोटा,
पत्ता खोटा, गळणारा नळही खोटा.
मी लिहिलं, मिस्टर पाशेको,
मुलाच्या खोलीत जानेवारीपासून हीट नाही.
तो टोपी घालून झोपतो.
टोपी पडते. मी उठते. मी टोपी घालते.
तुम्ही या.
प्लीज अगदी शेवटी,
कारण सुरुवातीला विसरले.

सात चुका, हिरव्या शाईत.
'द' हवा तिथे नाही, नको तिथे दोनदा.
'मी उठते'च्या कडेला: भूतकाळ? आणि प्रश्नचिन्ह.
मी म्हटलं, नाही मिस, आज रात्रीपण.
त्या जरा वेळ पेनाचं टोपण
लावत राहिल्या, काढत राहिल्या,
मग प्रश्नचिन्ह खोडलं.
चौकोनातलं 'अजून नाही' तसंच राहिलं.
निकष चार, माझे भरले तीन.

सुधारलेली प्रत फाइलला लावायची असते,
म्हणून चुकांचीच प्रत
मी मालकाच्या दाराखालून आत सारली.

गुरुवारी तो आला, पाना घेऊन, धापा टाकत.
चिठ्ठीच्या डोक्यावरच्या हिरव्या 'नॉट येट'वर
बोट ठेवून म्हणाला, बाई, मान्य, अजून नाही केलं,
म्हणून तर आलो ना!
गुडघे टेकून त्यानं व्हॉल्व्ह बदलला.
जाताना विचारलं, टोपी कुठली?
योहान्नेसनं दाखवली. राखाडी, गोंडा तुटलेली.
त्यानं मान हलवली, नि पाना विसरून गेला.

हे सगळं मी आज मिसेस फ्रीझनना सांगितलं,
माझ्या इंग्रजीत, अर्धं हातांनी.
त्या इतक्या हसल्या की चष्मा पुसावा लागला.
चौकोन बदलला नाही.
चौथा निकष चौथाच.

तिग्रिन्यात आम्ही म्हणतो, गेना.
भात शिजला का? गेना.
आणि इथे कुणी विचारलं,
नवऱ्याचे कागद आले का,
तर तीन वर्षं मी म्हणत आले, नो.
समोरचा माणूस दुःखी चेहरा करायचा
आणि विषय तिथेच मिटायचा.
परवा लाँड्रीत रोझालिंडानं विचारलं.
मी म्हटलं, नॉट येट.
तिनं चादरीचं दुसरं टोक धरलं, म्हणाली,
मग कधी? सांग, कुठे अडलंय?

ओस्ताप कोट चढवतो. म्हणतो, विचार केला मी,
तो पिवळा असणार.
पिवळ्याला ट्राम थांबवतात की काढतात?
ते, म्हणाला, तू किती जवळ पोचलीस त्यावर.

मी फाइल पिशवीत टाकते.
पुढची बस थर्टीन मिनिटांत की थर्टी,
वर जाऊन बघते.