विद्यमान झाड : एक

लहबाबच्या पुढे, उंटांसाठीचा तिसरा बोगदा गेला
की गाडी हळू करायची.
कुंपणाची तार जिथे उंटांनी माना घासून लोंबवली आहे
तिथे डांबर सोडायचं.
सिराज पारकर उतरतो, चाकापाशी उकिडवा बसतो,
काडेपेटीतल्या काडीने हवा सोडतो.
पस्तीसची पंधरा होईस्तोवर कुणीच बोलत नाही.
आठवडा असाच फुसफुसत बाहेर जातो.

नियम त्याचेच.
सहलवाल्यांचे तंबू दिसले तर पुढे.
बाटलीची टोपणं, कोळसा, कुणाची एक चप्पल दिसली तर पुढे.
मोबाइलला दोनाहून जास्त काड्या, तरी पुढे.
जिथे गाफचं झाड आहे
आणि उंटाच्या लेंड्या जुन्या, हलक्या, वाजणाऱ्या,
तिथे सामान काढायचं.
भाडं नाही, पावती नाही, पहारेकरी नाही.
फुकट ते पौष्टिक, म्हणतो सिराज,
आणि दाभोळहून आलेली सुकट तव्यावर टाकतो.

पश्चिमेला दुबई असतेच,
पातेलं उतू जाऊन शेगडीभर पसरावं तसा उजेड.
तिकडे पाठ करून बसायचं, हाही नियम.

यामिनी आधी बूट झटकते, मग घालते.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, हे नुसतं म्हणत आलो होतो;
इथे जांभळ्या टॉर्चखाली खरंच पाहिलं:
आई हिरवट चमकणारी, आणि पाठीवर वीसेक पिल्लं,
पांढुरकी, तांदळाच्या कण्यांसारखी.
आम्ही पाय वर घेतले. तिने वाट बदलली.
आमचं बिऱ्हाड तिच्याहून जड:
गाद्या, गॅस, पाण्याचे तीन कॅन,
जाळायला साइटवरच्या फळ्या, कारण गाफची काडीही मोडायची नाही,
आणि शारजातल्या खोलीचं भाडं,
आत कुणी नसतानाही आज रात्रीचं चालू असलेलं.

अंथरूण पाहून पाय पसरणं
मी घरी, दुकानात, पगाराच्या तारखेला पाळतो.
इथे डोकं झाडाकडे, पाय ओमानकडे.

मग मंगळवारी ऑफिसात काम आलं.
मी मोजणीदार. कोऱ्या वाळूवर आकडे ठेवायचे, एवढंच.
प्लॉटचा कोपरा वाचला:
पूर्वेचे सहा आकडे, उत्तरेचे सात,
आणि पाकिटावर आपल्याच दाराचा पत्ता वाचावा
तसा थांबलो.

ट्रायपॉड रोवला. गुलजमान पट्टी धरून उभा.
वाळूत आमचीच राख.
मी ती मोजली. व्यास सत्तर सेंटिमीटर.
खुणांच्या यादीत राखेला खूण नाही.
झाडाला आहे: गोल, आत फुली.
विद्यमान झाड, एक. उंची सहा मीटर.
पुढचा रकाना, हलवायचे की ठेवायचे, रिकामा होता.
तिथे मी ‘ठेवायचे’ लिहिलं.
तो रकाना माझा नव्हता.
वर कुणी खोडलं असेल. विचारलं नाही.

सिराजने बोटं मोजली. ही सातवी, म्हणाला,
आणि कांदा चिरत राहिला.

पण त्या दिवशी परतताना, मी काही न बोलता,
गुलजमानने डॅशबोर्डच्या धुळीत बोटाने रेघ ओढली होती:
हा रस्ता, ह्या विजेच्या तारा, ही टेकडी,
हिच्या मागे त्याच्या चुलतभावाचे उंट.
जागेचं नाव काय, मी विचारलं.
नाव असतं, म्हणाला, तर तुझ्या नकाशात नसतं का आलं?
आणि बाहीने धूळ पुसली.

शुक्रवारी निघालो. दोनदा रुतलो.
जाळायला आणलेल्या फळ्या चाकाखाली गेल्या, मोडल्या.
सुकट घरीच राहिली.
टेकडीमागे खरंच उंट होते; एकाने मान वळवून
आम्हाला बराच वेळ पाहिलं, चघळणं न थांबवता.
झाड आहे. गाफ नाही, दुसरंच काहीतरी, काटेरी.
सिराज काडीने माती उकरत म्हणाला, चालेल.

कुठे, ते विचारू नका.